गिटार वाजवता न येणाऱ्या लिओ फेंडरचं एवढं कौतुक कशाला? एका दुरुस्तीवाल्याचं उत्तर

प्रश्न असा आहे: "ज्या माणसाला गिटार नीट सुरात लावताही येत नव्हती, ज्याने जगातली पहिली इलेक्ट्रिक गिटार बनवली नाही आणि पहिला इलेक्ट्रिक बासही नाही, त्या लिओ फेंडरला सगळे एवढं डोक्यावर का घेतात? हे निव्वळ मार्केटिंग नाही का? माझ्याकडे एक स्वस्तातली स्ट्रॅटची, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची, कॉपी आहे, तिच्यात मला तरी काही जादू दिसत नाही."

आधी एक सांगून टाकतो, मी वादक नाही. चार कॉर्ड येतात, त्यापण दुकानात कोणी नसलं की वाजवतो. माझं काम दुरुस्तीचं, आधी रेडिओ-टीव्ही रिपेरिंग आणि मग गेली सत्तावीस वर्षं गिटारी, बास (खालच्या सुराची, जाड तारांची गिटार) आणि अॅम्प (वाद्याचा आवाज मोठा करणारी पेटी), दादरला एका एवढ्याशा गाळ्यात जिथे दोन माणसं आली की तिसऱ्याला बाहेर उभं राहावं लागतं. त्यामुळे माझं उत्तर वादकाचं नाही, ज्याला ही वाद्यं पोट फाडून बघावी लागतात त्याचं आहे, आणि माझं म्हणणं असं की लिओ फेंडर समजून घ्यायचा तर तो स्टेजवरून समजत नाही, तो टेबलावर, स्क्रू ड्रायव्हर हातात घेतल्यावर समजतो.

तुम्ही दिलेले मुद्दे खोटे नाहीत हां. इलेक्ट्रिक गिटार १९३२ मध्येच बाजारात होती, रिकनबॅकरवाल्यांची ती तव्यासारखी दिसणारी, जिला नावच फ्राइंग पॅन पडलं. सिएटलच्या पॉल टुटमार्कने १९३० च्या दशकातच फ्रेटवाला (फ्रेट म्हणजे बोट कुठे दाबायचं ते ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या), आडवा धरायचा इलेक्ट्रिक बास करून ऑडिओव्हॉक्स नावाने विकायला काढला होता. आणि पॉल बिग्सबीने मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकासाठी १९४८ ला जी गिटार बनवली तिचं डोकं बघा, सहाच्या सहा खुंट्या एका बाजूला, आणि मग स्ट्रॅटचं डोकं बघा, मला काही बोलायची गरज नाही. पहिलेपणाच्या शर्यतीत लिओ कुठेच नाही. पण टुटमार्कचे बास आज हाताच्या बोटावर मोजण्याइतके उरलेत, आणि बिग्सबीकडे गिटार बनवून घ्यायची तर नंबर लावून बसावं लागायचं कारण तो एकेक गिटार हाताने करायचा. लिओने जे केलं ते वेगळंच होतं, ते सांगतो.

माणूस कोण होता ते थोडक्यात. क्लॅरेन्स लिओनिडस फेंडर, जन्म १० ऑगस्ट १९०९, कॅलिफोर्नियात अॅनाहाइम-फुलर्टनच्या पट्ट्यात, आईवडलांची संत्र्याची बाग होती. आठव्या वर्षी एक डोळा गेला, पुढे आयुष्यभर काचेचा डोळा. शिक्षण अकाउंटिंगचं, नोकऱ्याही हिशेब लिहिण्याच्याच, आणि रेडिओचा नाद लहानपणापासून. मंदीच्या काळात नोकरी गेली तेव्हा १९३८ ला ६०० डॉलर कर्ज काढून त्याने फुलर्टनमध्ये फेंडर रेडिओ सर्व्हिस नावाचं दुकान टाकलं. रेडिओ दुरुस्ती, रेकॉर्डी विकणं, लाउडस्पीकर भाड्याने देणं, असलं सगळं. आपल्याकडे गल्लीत एक दुकान असतं बघा जिथे मिक्सर पण दुरुस्त होतो, गणपतीचे स्पीकर पण मिळतात आणि मालक बनियनवर सोल्डरिंग करत बसलेला असतो, तसलं. त्यातून दुकानात वादक यायला लागले, कोणाचा अॅम्प बंद पडलाय, कोणाच्या गिटारचा पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारा भाग) गेलाय. म्हणजे या माणसाच्या डोक्यात वाद्य शिरलं ते सुरातून नाही, बिघाडातून शिरलं. गिटार कुठे मोडते, काय सैल होतं, कुठली वायर तुटते, हे त्याला आधी कळलं आणि मग त्याने गिटार बनवली. माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

पहिला प्रयोग तर गिटार म्हणून केलेलाच नव्हता. १९४३ च्या सुमाराला तो आणि त्याचा मित्र डॉक कॉफमन एक नवीन पिकअप तपासत होते, त्यासाठी त्यांनी लाकडाचा एक भरीव ठोकळा घेऊन त्याला गिटारची नेक (जिच्यावर बोटांनी तारा दाबतात ती मान) आणि तारा लावल्या. दिसायला एकदम ओबडधोबड. पण गावातल्या वादकांनी ती बघितली, मागून नेली, भाड्याने नेली, आणि परत आणून द्यायला कुरकुर करायला लागले. आतून पोकळ गिटारला पिकअप लावून मोठा आवाज केला की स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो, लाकूड थरथरतं, ते परत पिकअपमध्ये जातं आणि मग ती जी शिट्टी सुरू होते ती थांबत नाही. भरीव ठोकळ्यात ही भानगडच नाही. दोघांनी मिळून १९४५ ला के अँड एफ नावाने मांडीवरच्या स्टील गिटारी आणि अॅम्प बनवायला घेतले, आपल्याकडे जिला हवाईयन गिटार म्हणतात तीच, जिच्यावर इकडे एकेकाळी घरोघरी फिल्मी गाणी वाजायची. पुढे कॉफमनला कर्जाची भीती वाटली आणि त्याने आपला हिस्सा एका लहानशा प्रेस मशीनच्या बदल्यात सोडून दिला. एक मशीन घेऊन निघून गेला! असो, दोघांची मैत्री मात्र टिकली.

मग १९५०. त्या वर्षी आली एस्क्वायर आणि तिच्यामागून दोन पिकअपची ब्रॉडकास्टर. ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराच्या नावाचे ड्रम होते, त्यांनी हरकत घेतली, तर १९५१ ला फेंडरवाल्यांनी काय केलं, नवीन नाव ठरेपर्यंत स्टिकरवरचा ब्रॉडकास्टर हा शब्दच कापून टाकला आणि नुसतं फेंडर लिहिलेल्या गिटारी विकल्या. माल थांबवला नाही, छापलेले स्टिकर फेकले नाहीत. तुमच्या-माझ्या ओळखीचा कुठलाही दुकानदार हेच करेल. बिननावाच्या त्या गिटारींना आज नोकास्टर म्हणतात आणि त्यांच्या किमती ऐकून घाम फुटतो. मग नाव आलं टेलीकास्टर, टीव्हीचा जमाना सुरू होत होता ना.

आता टेलीकास्टर टेबलावर घ्या. अॅश लाकडाची सपाट फळी, कडा जरा गोल केलेल्या, बस. त्या काळी चांगली गिटार म्हणजे व्हायोलिनसारखी कोरलेली, नेक बॉडीत सरसाने चिकटवलेली, आणि ती नेक वाकली की कसबी कारागिराकडे जाऊन वाफ देऊन सांधा सोडवायचा, परत बसवायचा, महिनाभर गिटार नाही. लिओने नेक चार स्क्रूने बसवली, मागे एक पत्रा आणि चार स्क्रू. मॅपलची एकसंध नेक, वर वेगळी पट्टीपण नाही, फ्रेट थेट लाकडात ठोकलेले, आतला लोखंडी रॉड मागून घातलेला आणि ती खाच अक्रोडाच्या काळपट पट्टीने बुजवलेली. फ्रेट झिजले, नेक खराब झाली? स्क्रू काढा, दुसरी नेक लावा, संध्याकाळी कार्यक्रमाला जा. गिब्सनसारख्या जुन्या जाणत्या कंपन्यांना ही फळी बघून हसू आलं असं म्हणतात, पण १९५२ ला गिब्सननेही भरीव लेस पॉल काढलीच की.

हे चार स्क्रू किती मोठी गोष्ट आहे ते मला दर जुलैत कळतं. मुंबईच्या पावसाळ्यात हवेत एवढं पाणी असतं की लाकूड फुगतं, नेक हलते, आणि जूनच्या शेवटापासून माझ्याकडे रांग लागते की "दादा, तारा वर आल्यात, दाबायला जड जातंय". चिकटवलेल्या नेकची गिटार असेल आणि नेकचा कोनच बिघडला असेल तर मी ग्राहकाला पाणी विचारतो आणि मग वाईट बातमी देतो. फेंडर पद्धतीची असेल तर तारा ढिल्या करायच्या, चार स्क्रू काढायचे, नेकच्या खोबणीत एक पातळ पाचर ठेवायची, परत कसायचं. अर्ध्या तासाचं काम. पाचर म्हणून लोक काय काय घालतात त्याचा मी संग्रहच केलाय, व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा, जुनं लोकलचं तिकीट, सँडपेपर, एकदा तर लग्नपत्रिकेचा कोपरा निघाला, "आमच्या येथे श्रीकृपेकरून" एवढंच वाचता येत होतं.

आता आत बघा. टेलीच्या ब्रिजजवळचा (ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) पिकअप सरळ न बसवता तिरका बसवलाय, म्हणजे जाड तारांखाली तो ब्रिजपासून लांब आणि बारीक तारांखाली जवळ. तार ब्रिजजवळ कडक असते, तिथला आवाज धारदार, मधे येत जाल तसा गोल. त्या तिरकेपणाने बारीक तारांना धार मिळते. पिकअप स्टीलच्या ब्रिज-पत्र्यातच लटकवलेला आणि त्याच्या बुडाला तांब्याचा मुलामा दिलेला स्टीलचा पत्रा, त्यामुळे तो टण्णकन येणारा आवाज, जो गर्दीच्या हॉलमध्ये, ट्रम्पेट आणि ड्रमच्या गोंगाटात पण ऐकू जातो. त्याचे गिऱ्हाईक होते कॅलिफोर्नियाच्या डान्स हॉलमध्ये रात्रभर वाजवणारे वेस्टर्न स्विंगवाले, त्यांना कान देऊन ऐकणारा श्रोता मिळत नव्हता, नाचणारी गर्दी मिळत होती. आपल्याकडे बेंजो पार्टीवाल्यांनी बुलबुल तरंगला पिकअप लावून ढोलताशाच्या वर आवाज काढला, तशीच गरज आणि तशीच अक्कल, फरक एवढाच की त्यांचा लिओ कोण ते कुणी लिहून ठेवलं नाही.

पिकअप काय असतो हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सहा लोहचुंबकाच्या कांड्या, वर-खाली फायबरची चकती, आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार सात-आठ हजार वेढे गुंडाळलेली. स्टीलची तार वर थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते, अगदी मिलिव्होल्टमध्ये. आमच्या भागात मोटर रिवाइंडिंगवाले आहेत, त्यांना मी एकदा जळलेला पिकअप दाखवला तर तो कारागीर म्हणाला, "हे तर पंख्याचंच पिल्लू आहे." बरोबर बोलला. फेंडरच्या कारखान्यात हे वेढे मशीनवर पण हाताने तार सोडत द्यायचे, आणि हे काम करणाऱ्या बायकांपैकी अबिगेल इबारा हे नाव आज पिकअपवाल्यांमध्ये आदराने घेतलं जातं, १९५६ पासून त्या तिथे होत्या. नेक घासणारा तादेओ गोमेझ, त्याची टी.जी. ही अक्षरं नेकच्या बुडाला पेन्सिलने लिहिलेली सापडली की लोक लाखांत भाव वाढवतात. लिओचं कौतुक करताना ही मेक्सिकन वंशाची कारागीर मंडळी विसरून चालणार नाही, कारण लिओने डिझाइन असं केलं की चांगला हात असलेला माणूस थोड्या दिवसांत शिकून रोज तेच काम बिनचूक करू शकेल. वाद्य बनवणं हे उस्तादाच्या हातातून काढून त्याने शॉप फ्लोअरवर आणलं, आणि हे काही जणांना आवडत नाही, मला आवडतं.

बासबद्दल तर वेगळा ग्रंथ होईल. १९५१ च्या शेवटी प्रिसिजन बास आला. त्याआधी बास वाजवणारा बिचारा माणसाएवढा डबल बास उचलून गाडीच्या टपावर बांधून न्यायचा आणि स्टेजवर कुणाला ऐकूही जायचा नाही. लिओने तो गिटारसारखा गळ्यात अडकवला, त्याला फ्रेट दिले म्हणजे बोट अंदाजाने नाही तर नेमकं पडेल, म्हणून नाव प्रिसिजन, आणि तारेची लांबी ३४ इंच ठरवली. कमी-जास्त लांब्या करून बघितल्या आणि ३४ वर थांबला. आज सत्तर वर्षांनंतर जगातला कुठलाही बास उचला, कुठल्याही कंपनीचा, बहुतेक वेळा पट्टी लावल्यावर ३४ च येईल. एका माणसाने टेबलावर ठरवलेलं माप जगाने मान्य केलं, असं किती वेळा होतं? दुसऱ्या वर्षी त्या बाससाठी बासमन नावाचा अॅम्प काढला, तो गिटारवाल्यांनीच पळवला, आणि पुढे लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात पहिला मार्शल अॅम्प बनला तो याच बासमनच्या सर्किटवरून. म्हणजे ब्रिटिश रॉकचा आवाजही मुळात फुलर्टनच्या रेडिओवाल्याकडूनच गेलेला.

१९५७ ला त्या बासचा पिकअप बदलला आणि ती युक्ती मला अजून आवडते. साध्या एका गुंडाळीच्या पिकअपचा रोग म्हणजे घुंई, घरातल्या विजेची घुंई, अमेरिकेत ६० सायकलची आणि आपल्याकडे ५० ची. तो पिकअप म्हणजे एक अँटेनाच असते, ट्यूबलाइट, डिमर, सगळं पकडतो. लिओने पिकअपचे दोन तुकडे केले, एक तुकडा जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली, आणि दोघांना एकमेकांना उलट जोडलं. बाहेरून येणारी घुंई दोघांत सारखीच शिरते पण उलट जोडल्यामुळे एकमेकींना खाऊन टाकते, तारेचा आवाज मात्र ज्या-त्या तुकड्यातून पूर्ण येतो. एक पैशाचं जास्तीचं यंत्र नाही, नुसती जोडणी. जेम्स जेमर्सनने मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये जो बास वाजवला तो याच जातीचा.

मागे माझगावचे एक अंकल आले होते, गोव्याचे, हॉटेलात आणि ऑर्केस्ट्रात बास वाजवून निवृत्त झालेले, हातात एक जुनी पेटी. त्यात साठच्या दशकातला प्रिसिजन, बोटीवर काम करणाऱ्या कोणा नातेवाइकाने तेव्हा आणलेला, त्या काळी बाहेरचं वाद्य इकडे येणं म्हणजे काय कटकट होती ते जुन्या लोकांना विचारा. "बघ रे बाबा, आवाज बंद झालाय, वीस वर्षं उघडला नाही." समुद्राची हवा खाऊन पिकगार्डचे (पुढच्या पातळ झाकणाचे) स्क्रू असे गंजलेले की ड्रायव्हर लावला की डोकंच निघून यायचं. अशा वेळी आम्ही तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने स्क्रूचं डोकं अर्धा मिनिट तापवतो, लोखंड फुगतं, गंजाची पकड सुटते, थंड झाला की अलगद फिरतो. तेरा स्क्रू असे काढले. आत बघतो तर सगळं जसंच्या तसं, कापडाचं आवरण असलेल्या वायरी, मूळ कारखान्यातले डाग, डाग म्हणजे सोल्डरचे, चकाकणारे. पिकअपला मीटर लावला, एकदम ठणठणीत. बंद काय होतं तर नुसता जॅक, म्हणजे अॅम्पची वायर खुपसायची जागा, त्याची पत्ती ढिली झाली होती. जॅक बदलला, पॉट (आवाजाच्या बटणांखालचे पार्ट) साफ केले, तारा चढवल्या, तोवर अंकल स्टुलावर बसून डोळे मिटून होते, मला वाटलं झोपले. अॅम्प चालू करून मी पहिला ई सूर वाजवला आणि ते डोळे न उघडताच म्हणाले, "फ्लॅट आहे. ट्यून कर आधी." साठेक वर्षांची वस्तू, एकशे वीस रुपयांच्या जॅकवर परत उभी राहिली. मार्केटिंगने हे होत नाही.

स्ट्रॅटकडे येतो, कारण कॉपी तुमच्याकडे तिचीच आहे. १९५४, ट्रेमोलोसकट (म्हणजे सूर हलवायच्या दांडीसकट) किंमत २४९ डॉलर ५० सेंट. टेलीची कड बरगडीत टोचते अशी वादकांची तक्रार होती, बिल कार्सन आणि रेक्स गॅलियनसारखे वादक लिओच्या डोक्याशी सतत कटकट करायचे आणि लिओ ऐकायचा, स्वतःला वाजवता येत नव्हतं म्हणूनच ऐकायचा! ज्याला वाजवता येतं तो कारागीर स्वतःच्या हातासाठी बनवतो आणि दुसऱ्याला म्हणतो सवय होईल. तर पाठीमागून पोटाला आणि वरून कोपराला लाकूड रंध्याने काढून टाकलं, शर्टासारखी गिटार अंगाला बसायला लागली. ट्रेमोलोचा पहिला नमुना तयार झाला होता, त्याची यंत्रसामग्री पण झाली होती, पण तारेचा आवाज लवकर मरायचा म्हणून तो सगळा टाकून दिला आणि परत शून्यापासून केला. हवाईयन वादक फ्रेडी तवारेस तेव्हा त्याच्याबरोबर होता. नव्यात मागच्या बाजूला पाच स्प्रिंगा आणि स्टीलचा जड ठोकळा, सहा तारांचा ताण एकीकडे आणि स्प्रिंगांचा दुसरीकडे, तराजूसारखं. गंमत म्हणजे सूर हलवणाऱ्या या दांडीला फेंडरने ट्रेमोलो म्हटलं आणि अॅम्पमधला आवाज कमी-जास्त करणारा इफेक्ट असतो त्याला व्हायब्रॅटो, बरोब्बर उलटं, आणि सगळं जग आजपर्यंत तेच चुकीचं बोलतंय, मी पण.

आता कौतुक म्हणजे आरती नव्हे, म्हणून शिव्या पण देतो. जुन्या फेंडरच्या नेकमधल्या रॉडचा नट बुडाकडे, म्हणजे नेक पाव वळसा सरळ करायची तर नेक काढा, फिरवा, लावा, तारा चढवा, बघा, परत काढा. या एका गोष्टीसाठी मी त्या माणसाला दुकानात एकटा असताना काय काय बोललोय ते इथे लिहिण्यासारखं नाही. टेलीला सहा तारांना तीनच सॅडल (ब्रिजवरचे, तारा ज्यावर टेकतात ते पितळी तुकडे), म्हणजे दोन तारांचा सूर एकाच पितळेवर, एक बरोबर केली की दुसरी रुसते. फिंगरबोर्डची, म्हणजे नेकच्या बोटं दाबायच्या बाजूची, गोलाई सव्वासात इंच, कॉर्ड धरायला छान पण वरच्या बाजूला तार ताणली की आवाज गुदमरतो. स्ट्रॅटच्या ब्रिजजवळच्या पिकअपला टोनचं बटण नाही, कान किटतात. आणि स्ट्रॅटच्या पिकअपमध्ये तिसऱ्या तारेचं चुंबक उंच का, तर तेव्हा तिसरी तार वेटोळ्याची जाड असायची, आज ती साधी असते म्हणून जुन्या पद्धतीच्या पिकअपवर ती बोंबलते. लोक माझ्याकडे येतात "जी तार (म्हणजे तिसरी) मोठी वाजते", आणि मग मला सांगावं लागतं की बाबा हे १९५४ सालच्या तारांचं गणित आहे.

स्विचचं पण तसंच. लिओने तीनच जागा दिल्या होत्या, एका वेळी एकच पिकअप. वादकांनी स्विच मधेच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवले, काडीपेटीची काडी घालून वगैरे, आणि तो मधला गोड नाकातला आवाज जगाला आवडला, पाच जागांचा स्विच कारखान्यातून यायला १९७७ उजाडलं. म्हणजे स्ट्रॅटचा सगळ्यात प्रसिद्ध आवाज लिओने ठरवलेलाच नाही. तरी पण मी म्हणेन श्रेय त्याचंच, कारण त्याने असं काहीतरी करून ठेवलं ज्यात बोट घालायला लोकांना भीती वाटली नाही.

अॅम्पचं एक सांगायलाच पाहिजे. सर्फ संगीतवाला गिटारवादक डिक डेल एवढ्या जोरात वाजवायचा की लिओचे अॅम्प आणि स्पीकर धडाधड जळायचे. लिओ म्हणाला नाही की हळू वाजव, तो परत परत नवीन बनवून द्यायचा, आणि त्यातून पंधरा इंची जेबीएल स्पीकरचा शोमन अॅम्प निघाला. अॅम्पच्या आत लिओची एक सवय दिसते, पेटीच्या आत कुठला व्हॉल्व्ह (काचेची इलेक्ट्रॉनिक नळी) कुठे त्याचा कागदच चिकटवलेला असतो. आतल्या बोर्डावर सगळे पार्ट शाळेतल्या मुलांसारखे ओळीत, एक काढला तर शेजारच्याला धक्का लागत नाही. माझ्याकडे अमेरिकेहून कोणाचा तरी भाऊ पाठवतो आणि इथे तो ११० चा अॅम्प सरळ २३० मध्ये खुपसला जातो, धूर, जळका वास, रडारड. ट्रान्सफॉर्मर आणि दोन कपॅसिटर बदलले की परत चालू, कारण कुठे काय आहे ते दिसतं. मागच्याच महिन्यात एक आजकालचा चकचकीत अॅम्प आला, कंपनीचं नाव घेत नाही, एवढ्याशा बोर्डवर मुंगीएवढे पार्ट, वर काळा लेप फासलेला. तो मी हात जोडून परत दिला.

१९६५ च्या जानेवारीत त्याने कंपनी सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीला विकली, १ कोटी ३० लाख डॉलर. या किमतीचा अंदाज यावा म्हणून सांगतो, सीबीएसने आदल्याच वर्षी न्यूयॉर्क यांकीज बेसबॉल टीमचा ८० टक्के हिस्सा १ कोटी १२ लाखांना घेतला होता. लिओची तब्येत बिघडली होती, सायनसचं इन्फेक्शन जात नव्हतं, त्याला वाटलं आता आपलं संपत आलं, आणि त्याने आधी विक्रीप्रमुख डॉन रँडललाच १५ लाखांत घेतोस का विचारलं होतं. रँडल म्हणाला थांब, मी बाहेर विचारतो. हिशेबनीस लिओपेक्षा सेल्समन रँडलला किंमत जास्त कळत होती, काय! पुढे तब्येत बरी झाली आणि हातात काम नाही.

सीबीएसने सगळं बिघडवलं असं एक ठरलेलं वाक्य आहे, त्यात तथ्य आहे, सत्तरच्या दशकातल्या जड, ढिल्या नेकच्या स्ट्रॅट मी भरपूर बघितल्यात. पण ज्या तीन स्क्रूच्या नेकला लोक सीबीएसची कंजुषी म्हणतात त्यातली नेकचा कोन बाहेरूनच बदलायची युक्ती लिओचीच. पाचर घालायलाच नको म्हणून. पुढे स्वतःच्या नव्या गिटारींतही त्याने ती वापरली. म्हणजे देवाच्या पण चुका असतात, आणि तो त्या परत परत करतो.

खरं कौतुक मला त्याच्या उतारवयाचं आहे, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. पंचावन्नाव्या वर्षी एवढा पैसा हातात आल्यावर माणूस बोट घेऊन मासे पकडत बसला असता, बोटीचा त्याला शौकही होता. हा साठी उलटल्यावर म्युझिक मॅन या वाद्यांच्या नव्या कंपनीत गेला. १९७६ चा स्टिंगरे बास, एक मोठा पिकअप, आत ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं छोटं सर्किट टॉम वॉकरचं, खुंट्या तीन वर एक खाली. शिक या डिस्को बँडच्या बर्नार्ड एडवर्ड्सच्या हातात तो गेला आणि डिस्कोचा बास कसा वाजला पाहिजे ते ठरून गेलं. मग तिथेही बिनसलं आणि १९८० ला सत्तरीच्या या माणसाने जुना सोबती जॉर्ज फुलर्टनबरोबर जी अँड एल काढली, जॉर्ज आणि लिओ, बस. तिथे त्याने स्वतःचाच जुना पिकअप मोडीत काढला, खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी आणि प्रत्येक तारेखाली वर-खाली करता येणारा लोखंडी खिळा. कमी वेढ्यांत जास्त जोर, आणि तिसरी तार बोंबलते का, खिळा अर्धा वळसा खाली करा, संपलं. म्हणजे ती तक्रार त्याला माहीत होती! लोकांना १९५४ पाहिजे होतं आणि हा म्हातारा म्हणत होता की नवीन जास्त चांगलं आहे. एल-२००० नावाचा त्यांचा बास कधी मिळाला तर वाजवून बघा, एकाच बासमधून निम्मी दुनिया निघते. पार्किन्सनने हात थरथरत असताना पण तो रोज कारखान्यात यायचा, २१ मार्च १९९१ ला गेला, आदल्या दिवसापर्यंत कामावर होता.

आता तुमच्या कॉपीबद्दल. जादू दिसत नाही कारण ती सगळ्यांकडे आहे म्हणून, पाण्यात जादू दिसते का? तुमची ती आठ-दहा हजाराची गिटार जी कुणी चीनमध्ये किंवा इंडोनेशियात जोडली तिची स्क्रूची भोकं, पिकअपचं माप, ३ स्प्रिंगा की ५, सगळं त्याच चौकटीतलं, म्हणून तुम्ही उद्या तिला दुसरा पिकअप, दुसरा ब्रिज, थोडंफार घासून दुसरी नेकही लावू शकता. नवीन घ्यायच्या आधी हिच्यावर हात साफ करा. रविवारी दुपारी चादर अंथरा, आधी सगळ्या तारा ढिल्या करा, ताणात असताना नेकचे स्क्रू काढायचे नाहीत, मग चारही स्क्रू काढून आत काय आहे ते डोळ्यांनी बघा, पाचर असेल तर फेकू नका, जिथे होती तिथेच ठेवा. आणि परत लावताना स्क्रू सरळ कसायला जाऊ नका, आधी हलक्या हाताने उलटा फिरवा, टक् असं जाणवेल, ते लाकडातले जुने आटे सापडले, आता सुलटा फिरवा. नाहीतर चार वेळा उघडाल आणि पाचव्या वेळी भोकात काडीपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरायला माझ्याकडेच याल.